घाम खेळाडूचा, दाम कोणाला?

वाराणसी म्हटले की घाट, बनारसी शालू आणि पान आठवते. पण या शहराने देशाला नामवंत खेळाडूही दिले आहेत. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या हॉकी संघातील ललित उपाध्याय इथलाच. बास्केटबॉलमध्ये प्रशांती सिंह आणि त्यांच्या बहिणींनी भारतीय संघापर्यंत मजल मारली. प्रशांती यांना २०१९ साली 'पद्मश्री' मिळाली. त्यांची बहीण दिव्या क्रीडा व्यवस्थापन शिकण्यासाठी अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात गेली.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ हा मोठा व्यवसाय आहे. सामन्यांची तिकिटे, दूरदर्शनचे हक्क, टीशर्ट, व्हिडिओ गेम, सगळ्यांतून पैसा येतो. वर्षानुवर्षे या पैशातला वाटा खेळाडूला मात्र मिळत नसे. शिष्यवृत्ती मिळते ना, मग आणखी काय हवे, असा युक्तिवाद केला जाई. एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःचीच प्रतिमा दिसली. त्याने २००९ मध्ये दावा लावला आणि २०१४ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नावावर व छायाचित्रावर कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मधील तडजोडीनंतर कॉलेजेही त्यांना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा दर कॉलेजमागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती.

अर्थात, यालाही दुसरी बाजू आहे. पैशाचा ओघ फुटबॉल आणि बास्केटबॉलकडेच अधिक जातो. पोहणाऱ्या किंवा धावणाऱ्या मुलीच्या वाट्याला त्यातले कितीसे येणार?

आपल्याकडे काय?

आपल्याकडे कॉलेजच्या नावाचे टीशर्ट असे खपत नाहीत. विद्यार्थी खेळाडूची खरी आशा असते ती प्रमाणपत्राची आणि खेळाडू कोट्यातील नोकरीची. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातील वाराणसीचे मोहम्मद शाहिद यांनीही नोकरी केली ती रेल्वेतच.

मात्र पदक मिळताच मुलाचा फोटो एखाद्या दुकानाच्या फलकावर झळकू शकतो. घरच्यांना त्याचे कौतुकच वाटते. पण त्या फोटोमुळे माल खपत असेल, तर त्यात मुलाचाही वाटा नको का?

कायदा याबाबत अगदीच मुका नाही. प्रसिद्धीचा हक्क त्या व्यक्तीचाच असतो, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये म्हटले. गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या विकणाऱ्या दुकानाविरुद्धही याच न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला.

पालकांनी काय करावे?

कोऱ्या कागदावर सही करू नये. फोटो कशासाठी, किती काळ आणि किती मोबदल्यात वापरणार, हे लेखी घ्यावे. १८ वर्षांखालील मुलाने स्वतः केलेला करार कायद्याने ग्राह्य नसतो, म्हणून कागदपत्र पालकांनीच नीट वाचावे. शंका वाटल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा.

खेळाडूची उमेदीची वर्षे मोजकी असतात. एखाद्या दुखापतीने ती अर्ध्यावरही संपतात. अशा वेळी नावाच्या कमाईतले चार पैसे त्याच्या शिक्षणाला आणि औषधपाण्याला उपयोगी पडतील. हारतुरे तर दुसऱ्याच दिवशी सुकतात.