वाळूच्या हौदातील पदार्थविज्ञान

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीसाठी पुण्याहून आमच्या गावी आला होता. गाव पाथर्डी तालुक्यातले. उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याचा टँकर दिवसाआड येतो, आणि त्याचा भोंगा ऐकू आला की घरातील माणसे हातातले काम टाकून हंडे-कळश्या घेऊन धावतात. इयत्ता आठवीतला हा मुलगा दोन दिवस हे सारे पाहत होता. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "मामा, तू अंगणात दोन बाय दोनचा खड्डा का खणत नाहीस? समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली पाणी ओतायचे. मग कितीही उपसले तरी पाणी संपत नाही!"

तुमच्यापैकी काहीजणांना यातली गंमत एव्हाना कळली असेल. त्याची ही न आटणारी विहीर 'माइनक्राफ्ट' नावाच्या व्हिडिओ गेममधली होती. तो थट्टा करीत होता हे उघड आहे. पण त्याच्या थट्टेने मी मात्र कामाला लागलो. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला 'कितीही उपसले तरी संपत नाही' हे वाक्य सहन होत नाही. मी त्याच्या शेजारी बसलो आणि ती विहीर मला करून दाखव म्हणालो. पुढचे आठ दिवस आम्ही दोघांनी असे बरेच खेळ पाहिले. त्यांतून जे हाती लागले ते तुम्हांला सांगतो.

या जातीच्या खेळांना 'सँडबॉक्स' म्हणजे वाळूचा हौद म्हणतात. तुमच्या शाळेत लांब उडीसाठी वाळूचा हौद असेल. मधल्या सुट्टीत लहान मुले त्यात काय करतात? कोणी किल्ला करते, कोणी बोगदा, कोणी नुसतीच वाळू उकरते. तिथे हार-जीत नसते, गुण नसतात. असते ती वाळू आणि वाळूचे नियम. कोरडी वाळू घसरते, ओली टिकते, बोगदा फार रुंद केला की छत बसते. सँडबॉक्स खेळाचेही तसेच. खेळ करणाऱ्याने एक जग आणि त्याचे नियम तयार करून दिलेले असतात, पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवायचे. फरक एवढाच, की हौदातल्या वाळूचे नियम निसर्गाने केलेले असतात आणि खेळातल्या वाळूचे नियम कोणा माणसाने लिहिलेले असतात. म्हणूनच ते शोधून काढण्यात मोठी मौज आहे.

माइनक्राफ्ट हा खेळ स्वीडनमधील मार्कस पेर्सन याने २००९ साली प्रथम लोकांपुढे आणला. २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. २०२३ साली त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे कंपनीने जाहीर केले. त्यातले सारे जग ठोकळ्यांचे आहे आणि प्रत्येक ठोकळ्याची बाजू एक मीटर धरलेली आहे. आता हिशेब करा. पाण्याचा एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर, वजन एक टन. आणि माझा भाचा तो एका बादलीत उचलतो! वाळूचे ६४ ठोकळे एका खिशात मावतात. कोरड्या वाळूचा एक घनमीटर साधारण १.६ टन भरतो, तेव्हा एका खिशात सुमारे १०२ टन वाळू झाली. असे ३६ खिसे. दहा टनी ट्रक धरला तर साडेतीनशेहून अधिक ट्रक वाळू घेऊन हा गडी वर उड्याही मारतो. (आमच्या जिल्ह्यात एवढे वाळूचे ट्रक एका ठिकाणी दिसले तर तहसीलदारांची गाडी यायला वेळ लागायचा नाही. असो.)

गुरुत्वाकर्षणाचे पाहा. या जगात वाळूच्या खालची माती काढली की वाळू खाली पडते. पण दगडाखालची माती काढली तर दगड हवेत तसाच राहतो. झाडाचे खोड बुंध्याशी तोडले तरी वरचा शेंडा अधांतरी! म्हणजे इथे गुरुत्वाकर्षण सर्वांना सारखे नाही, ते फक्त काही पदार्थांना लागू आहे. न्यूटनच्या अगदी उलट.

आता ती विहीर. खेळाचा नियम असा आहे की, ज्या रिकाम्या घराला त्याच पातळीवर पाण्याच्या दोन उगमांचा शेजार मिळतो आणि ज्याच्या खाली पक्का तळ असतो, ते घर स्वतःच उगम बनते. चार घरांच्या चौकोनात समोरासमोरच्या कोपऱ्यांत पाणी ओतले की उरलेल्या दोन्ही घरांना दोन-दोन उगमांचा शेजार मिळतो. दोनाचे चार झाले. एक बादली काढली की तीच युक्ती पुन्हा चालते आणि खड्डा भरतो. द्रव्याची अक्षय्यता हा जो नियम तुम्ही शाळेत शिकता, तो खेळ करणाऱ्याने पाण्यापुरता सोडून दिला आहे. का, तर प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवायचा म्हणजे संगणकाला फार काम पडते. अडचण समजण्यासारखी आहे. पण सवय वाईट.

हिशेब ठेवणारे खेळ नाहीत असे मात्र नाही. फिनलंडमधील काही मंडळींनी २०२० साली 'नोइटा' नावाचा खेळ पुरा केला. त्यात पडद्यावरचा जवळजवळ प्रत्येक ठिपका हा वाळूचा, पाण्याचा, तेलाचा किंवा धुराचा कण असतो. अशा खेळांतील वाळूचा नियम मुळात फारच साधा आहे. कणाने आधी खालचे घर पाहायचे. रिकामे असेल तर तिथे उतरायचे. नसेल तर खाली डावीकडचे किंवा खाली उजवीकडचे तिरके घर पाहायचे. तीही भरलेली असतील तर जागीच थांबायचे. पाण्यासाठी यात आणखी एक कलम: खाली जागा नसेल तर आडवे सरकायचे. बस्स! एवढ्यावर पडद्यावर ढीग रचले जातात, धारा वाहतात, तळी भरतात. साध्या नियमांतून गुंतागुंतीचे वर्तन कसे उभे राहते हे इंग्रज गणिती जॉन कॉन्वे याने १९७० सालीच आपल्या 'गेम ऑफ लाइफ'मध्ये दाखवले होते. हे सारे खेळ त्याच कुळातले.

पण हा नियम खऱ्या वाळूशी जुळतो का? हे तुम्हांला घरी तपासता येईल. नदीची वाळू चाळून उन्हात चांगली वाळवा. कागदाचा शंकू करून त्याच्या टोकाच्या छिद्रातून ती सपाट पुठ्ठ्यावर सावकाश सोडा. ढीग झाला की बाजूला कोनमापक धरून उताराचा कोन मोजा. तो साधारण ३० ते ३५ अंश भरेल. यास विश्रामकोन म्हणतात. ढिगावर आणखी वाळू ओता. ढीग मोठा होईल, कोन फारसा बदलणार नाही. वर सांगितलेल्या नियमाने चालणाऱ्या खेळात मात्र कोन ४५ अंश येतो. का बरे? 'तिरके घर' म्हणजे एक घर आडवे आणि एक घर खाली. त्याचा कोन दुसरा कोणता असणार? म्हणजे पडद्यावरचा ढीग नुसता मोजून तुम्ही आत लिहिलेला नियम ओळखू शकता. शास्त्रज्ञ निसर्गाच्या बाबतीत दुसरे काय करतो?

पाण्याकडे परत येऊ, कारण माझ्या मनातून ती विहीर जात नव्हती. 'टिंबरबॉर्न' हा खेळ पोलंडमध्ये तयार झाला आणि २०२१ पासून मिळू लागला. त्यात माणसे नाहीत. बीव्हर नावाचे, लाकडे कुरतडून ओढ्यावर बांध घालणारे प्राणी आहेत. काही दिवस नदी वाहते आणि मग अवर्षण येते. उगम बंद होतो. बांध घालून जेवढे पाणी अडवले असेल तेवढ्यावर पुढचा पाऊसकाळ गाठायचा. वरून उन्हाने बाष्पीभवन चालूच. पहिल्या डावात आमचे सगळे बीव्हर तहानेने मेले. भाच्याने पुष्कळ पसरट तळे केले होते. बाष्पीभवन होते ते पाण्याच्या पृष्ठभागावरून. तेव्हा तेवढेच पाणी अरुंद आणि खोल खड्ड्यात ठेवले तर ते अधिक दिवस पुरते. शेततळे असलेल्या आमच्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. समजा, उन्हाळ्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडते. एक हेक्टर पसरलेल्या उघड्या तळ्यातून मग रोज १०० घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर पाणी गेले. दहा हजार लिटरचे दहा टँकर! दुसऱ्या डावात आम्ही खोल तळे केले आणि अवर्षण निभावले.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा हा अशा खेळाचा पटच आहे म्हणा ना. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि पूर्वेकडे आम्ही पर्जन्यछायेत. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याची साठवण सुमारे ११ अब्ज घनफूट, म्हणजे साधारण ३१ कोटी घनमीटर. माइनक्राफ्टच्या बादलीने मोजायचे तर ३१ कोटी बादल्या! त्यातली एकही बादली आपोआप भरून येत नाही, आभाळातूनच यावी लागते.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावाने हा हिशेब खरोखरीच मांडला. तिथे पाऊस पर्जन्यमापकाने मोजतात, त्यावरून गावाच्या वाट्याला आलेले पाणी काढतात, प्यायला किती, जनावरांना किती, शेतीला किती असा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवतात आणि त्या वर्षी कोणती पिके घ्यायची ते त्यावरून ठरवतात. पाऊस कमी झाला तर पाणी पिणारी पिके नाहीत. शेतीसाठी विंधनविहीर घ्यायलाही तिथे बंदी आहे. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर आहे. एक हेक्टरवर एक सेंटिमीटर पाऊस म्हणजे १०० घनमीटर. तर १०० मिलिमीटर पावसात या गावावर किती पाणी पडेल ते तुम्हीच काढा. उत्तर जवळजवळ ९८ कोटी लिटर यायला हवे. त्यातले किती वाहून जाते, किती उडते आणि किती मुरते हा पुढचा आणि खरा कठीण भाग. तुमच्या शाळेच्या मैदानासाठी असा ताळेबंद करून पाहा. शिक्षक नक्की मदत करतील.

आणखी एका खेळाचे नाव घेतल्यावाचून राहवत नाही. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' (पूर्ण स्वरूपात २०१५). त्यात अग्निबाण बांधून कक्षेत पाठवायचा असतो. वेग कमी पडला तर यान परत पडते, इंधन संपले तर कोणी वाचवत नाही. कक्षा म्हणजे काय हे फळ्यावर तासभर समजावूनही जे डोक्यात शिरत नाही, ते इथे चार अपघातांत शिरते. त्यातल्या 'कर्बिन' ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर आहे, पण पृष्ठभागावरील गुरुत्वीय त्वरण मात्र पृथ्वीइतकेच. त्वरण हे घनता आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. तेव्हा त्या ग्रहाची घनता पृथ्वीच्या दहापटीहून अधिक, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ ५८ पट निघते. ऑस्मियम हा घनतेत पहिल्या क्रमांकाचा धातू, आणि त्याची घनता पाण्याच्या साडेबावीस पटीच्या आसपास! असा ग्रह कोणत्या पदार्थाचा असेल, हे खेळ करणाऱ्यांनाच ठाऊक.

हे खेळ विकत घ्यावे लागतात आणि काहींना चांगला संगणकही लागतो. शाळेच्या जुन्या संगणकावर चालेल असा 'लुआंटी' (२०२४ पर्यंत याचे नाव 'माइनटेस्ट' होते) फुकट मिळतो. त्यातले नियम तुम्हांला स्वतः बदलताही येतात. शिक्षकांनी याची दखल घ्यावी. आणि वीज गेली तर? तर एक खेळ असा आहे की ज्याला फक्त खडू आणि मूठभर चिंचोके लागतात.

१९८७ साली पेर बाक, चाओ तांग आणि कर्ट विझेनफेल्ड या तिघांनी अमेरिकेत वाळूच्या ढिगाचे एक गणिती प्रारूप मांडले. फरशीवर चौकटी आखा. एखाद्या घरात चार किंवा अधिक चिंचोके झाले की ते घर 'ढासळते': त्यातला एकेक चिंचोका चारही शेजाऱ्यांना द्यायचा. पटाच्या कडेबाहेर जाईल तो बाद. असे एकेक चिंचोके टाकत गेले की पट आपोआप अशा स्थितीला येतो, की पुढचा एक दाणा कधी काहीच करत नाही, तर कधी सारा पट हलवतो. खरी वाळू या प्रारूपाला तंतोतंत मानत नाही. नॉर्वेतल्या प्रयोगात १९९६ साली लांबट तांदळाच्या ढिगाने मात्र ते बरेचसे मानले, हे गमतीचे.

याच खेळाचे एक रहस्य १९९० साली मुंबईत उलगडले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्राध्यापक दीपक धर यांनी सिद्ध केले की, घरे कोणत्याही क्रमाने ढासळवा, शेवटची मांडणी तीच येते आणि एकूण ढासळण्यांची संख्याही तीच राहते. ३ + ५ आणि ५ + ३ सारखेच, तसे. नॉर्वेचा गणिती आबेल याच्या नावावरून या प्रारूपाला 'आबेलियन' म्हणतात. २०२२ साली धर यांना सांख्यिकीय भौतिकीतील बोल्ट्झमान पदक मिळाले. ते मिळवणारे ते पहिले भारतीय.

आम्ही दोघे ओसरीवर बसलो. तीन बाय तीनचा पट, प्रत्येक घरात तीन चिंचोके, म्हणजे सत्तावीस. मधल्या घरात आणखी एक टाकला, अठ्ठावीस झाले. मी मधून कडेकडे गेलो: मधले घर ढासळले, मग त्याच्या चार बाजूंची, मग चार कोपरे, आणि शेवटी पुन्हा मधले. एकूण दहा ढासळण्या. मधले घर रिकामे, बाजूंना तीन-तीन, कोपऱ्यांत एकेक. पटावर सोळा, बाहेर बारा. मग भाच्याने पट पुन्हा मांडला आणि मनाला येईल त्या क्रमाने ढासळवला. त्याच्याही दहाच आल्या आणि मांडणीही हुबेहूब तीच. पण बाहेर पडलेले त्याने मोजले तर अकरा.

"मामा, तुझे धर सर चुकले," तो म्हणाला.

मी म्हटले, "सोळा आणि अकरा किती? बाकीचा शोध." पाच मिनिटांनी तो चिंचोका आजीच्या पाटाखाली सापडला.