नांग्या भरणारी पलटण

पेरणी उरकली, एक-दोन पाऊस झाले की शेतकरी वावरात फेरी मारून येतो. कुठे बी कुजलेलं असतं, कुठे पाखरांनी टिपलेलं असतं, आणि ओळीत तेवढी जागा मोकळी राहिलेली असते. या मोकळ्या जागा म्हणजे नांग्या. त्या वेळेत भरल्या नाहीत तर पुढे सगळं पीक विरळ दिसतं. झाडं लावणाऱ्यांनाही हा शब्द चांगला ठाऊक आहे. शंभर रोपं लावली आणि वर्षभरात त्यांतली तीस मेली, तर त्या तीस खड्ड्यांत पुन्हा रोपं लावायची. लागवडीच्या दिवशी पाहुणे येतात, फोटो निघतात. नांग्या भरायच्या दिवशी कोणी फिरकत नाही.

या फोटो न निघणाऱ्या कामासाठी भारतात एक फौज आहे. फौज म्हणजे खरोखरीची फौज: वर्दी, हुद्दे, हजेरी, सुभेदार साहेब, सगळं काही असलेली. तिचं नाव इकॉलॉजिकल टास्क फोर्स. लष्करात तिला नुसतं ‘इको’ म्हणतात. तिचे जवान एकदा निवृत्त होऊन पुन्हा वर्दीत आलेले माजी सैनिक आहेत. पहिल्या नोकरीत यांतल्या कित्येकांनी सीमेवर पहारा दिला, बर्फात रात्री काढल्या, दहशतवाद्यांशी चकमकी केल्या. दुसऱ्या नोकरीत ते खड्डे खणतात, दगडी बांध घालतात आणि शेळ्या हाकलतात.

ही पलटण प्रादेशिक सेनेचा, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचा भाग आहे. महेंद्रसिंग धोनी याच सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल असल्यामुळे तिचं नाव घराघरांत पोचलं. 1948 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या सेनेचं ब्रीद आहे ‘सावधानी व शूरता’. इको बटालियनचं रोजचं काम पाहिलं तर त्यांतल्या पहिल्या शब्दाचा कस जास्त लागतो असंच म्हणावं लागेल.

सुरुवात डेहराडूनला झाली. मसुरीच्या डोंगरांत उत्तम चुनखडी आहे आणि 1980 च्या आसपास तिथे सुरुंगांचा धडाका चालू होता. हिरव्या डोंगरावर पांढऱ्या जखमा पडलेल्या खाली दून खोऱ्यातूनही दिसत. झरे आटत होते, पावसाळ्यात दरडी आणि खाणींचा राडारोडा खालच्या शेतांत येत होता. याच काळात, 1982 मध्ये, गढवाल रायफल्सशी संलग्न अशी 127 वी इको बटालियन उभी राहिली. हरितक्रांतीचे शिल्पकार नॉर्मन बोरलॉग यांनी ही कल्पना इंदिरा गांधींना सुचवली होती, असं सांगितलं जातं. पुढच्याच वर्षी डेहराडूनच्या एका संस्थेचं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतलं आणि 1985 मध्ये न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने बऱ्याच खाणी बंद करण्याचा आदेश दिला. पर्यावरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या अगदी सुरुवातीच्या निकालांपैकी हा एक. खाणी बंद झाल्याने ज्यांचा रोजगार बुडेल त्या कामगारांना वनीकरणाच्या आणि मृदसंधारणाच्या कामात सामावून घ्यावं, असंही न्यायालयाने सुचवलं होतं.

खाण बंद करायला कागद पुरतो. खाणीवर झाड उगवायला माती लागते, आणि खाणीत माती नसते. सुरुंगाने फोडलेल्या उतारावर पाणी थांबत नाही, ते उरलीसुरली मातीही घेऊन जातं. म्हणून आधी पाणी अडवायचं. घळीत दगडांचे बांध, जाळीत बांधलेल्या दगडांच्या भिंती, उतारावर आडवे चर. त्यानंतर गवत, कारण माती धरून ठेवण्यात गवताचा हात कोणी धरत नाही. झाड सगळ्यात शेवटी. ही कामं करायला मजूर मिळतात, पण मसुरीच्या कड्यावर, रस्ता नाही, पाणी नाही, निवारा नाही, अशा जागी वर्षानुवर्षं राहायला मजूर मिळत नाहीत. लष्करातून आलेल्या माणसाला यातलं काहीच नवीन नसतं. तंबू ठोकणं, पाठीवरून सामान वाहणं, उतारावर चर खणणं हे त्याने उमेदवारीतच केलेलं असतं. फरक इतकाच की तेव्हा चर लपायला खणत, आता पाणी मुरवायला.

या व्यवस्थेत कामाची वाटणी ठरलेली आहे. माणसं आणि शिस्त लष्कराची, रोपं आणि तांत्रिक सल्ला वनखात्याचा, पैसा आधी केंद्राच्या पर्यावरण खात्याचा आणि नंतर बहुतेक ठिकाणी राज्य सरकारांचा. भरती स्थानिक माजी सैनिकांची. पर्यावरण आणि वनखात्यांतून निवृत्त झालेल्या महिलांनाही यात प्रवेश आहे.

डेहराडूननंतर राजस्थानची पाळी आली. इंदिरा गांधी कालव्यात वाळू भरून येत होती. वाळूचा डोंगर वाऱ्याबरोबर सरकतो, त्याला झाडाने रोखायचं तर आधी झाडालाच वाऱ्यापासून जपावं लागतं. त्यासाठी टेकडीवर वाळक्या झुडपांच्या फांद्या ओळीने रोवून बुटकी कुंपणं करायची आणि त्यांच्या आडोशाला रोपं लावायची. पुढे जम्मूत सांबा, कुमाऊंत पिथोरागढ, दिल्लीच्या कुशीतल्या भट्टी खाणी, हिमाचलात कुफ्री, आसाम अशा एकेक पलटणी उभ्या राहत गेल्या. भट्टीची गोष्ट विशेष आहे. दिल्लीच्या इमारतींसाठी लागणारी बदरपूर वाळू खणून खणून तिथे अजस्र खड्डे पडले होते. आज तो भाग असोला-भट्टी अभयारण्यात आहे.

झाडांचा हिशेब असा. माणसांचा वेगळा आहे.

2022 पूर्वीच्या पद्धतीने भारतीय लष्कराचा शिपाई अठरा-वीस वर्षांचा असताना भरती होई आणि पेन्शनला पात्र ठरून पस्तिशी-चाळिशीत घरी येई. दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक सैनिक असे परततात. घरी मुलं शाळेत असतात, आई-वडील थकलेले असतात, शेताची वाटणी भावांनी आपापसांत करून टाकलेली असते. वीस वर्षं ज्याचा दिवस पहाटेच्या फॉलिनने उजाडला, त्याला कोणी हाक मारत नाही. ज्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं धाडली तिथे हे जास्त जाणवतं. साताऱ्याचं अपशिंगे पहिल्या महायुद्धात गेलेल्या 46 जवानांमुळे अपशिंगे मिलिटरी झालं. कोल्हापूरकडे सैनिक टाकळी आहे. अशा गावांत पारावर बसलेल्या मंडळींत निम्मे ‘मेजर साहेब’ असतात. बहुतेकांपुढे पर्याय एकच: शहरात बँकेच्या किंवा सोसायटीच्या दारावर सुरक्षारक्षकाची खुर्ची.

इको बटालियन या माणसाला पगार देते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पलटण परत देते. सकाळची हजेरी, लंगरमधला चहा, एकमेकांची जुनी युनिटं सांगत केलेली थट्टा. आणि असं काम, जे उद्या गेलं नाही तर बिघडतं. मे महिन्यात खणलेला खड्डा तापू द्यावा लागतो, पहिल्या पावसानंतर पिशवी कापून रोप लावायचं, मुळाशी माती दाबायची, आळं करायचं. श्रावणात खुरपणी, दिवाळीनंतर गवत वाळलं की वणव्याची धास्ती, म्हणून जाळरेषा काढायच्या. उन्हाळ्यात पाणी. मग पुन्हा जून, पुन्हा मोजणी, पुन्हा नांग्या.

परतलेल्या सैनिकाने पुढे करायचं काय, या प्रश्नावर अमेरिकेत वेगळी वाट शोधली गेली, अगदी पायवाटच. अर्ल शॅफर दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये लढला. त्याचा जिवलग मित्र इवो जिमा बेटावर मारला गेला. 1948 मध्ये शॅफर पाठीवर पिशवी टाकून ॲपलाचियन ट्रेलवर निघाला आणि जॉर्जियापासून मेनपर्यंतची जवळपास साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट एका दमात चालून गेला. अंगात भिनलेलं युद्ध चालून चालून बाहेर काढायचं, एवढाच त्याचा उद्देश होता. ही पूर्ण वाट सलग चालल्याची ती पहिली नोंद. चौसष्ट वर्षांनी, 2012 मध्ये, इराक आणि अफगाणिस्तानात लढून आलेला मरीन अधिकारी शॉन गोबिन तीच वाट चालला. इतर माजी सैनिकांसाठी निधी गोळा करायला म्हणून तो निघाला होता; वाटेत लक्षात आलं की चालण्याचा उपयोग आपल्यालाच होतोय. पुढच्या वर्षी त्याने माजी सैनिकांसाठी अशा लांब पदयात्रा आखणारी संस्था काढली. आता त्यात सायकलयात्रा आणि मिसिसिपी नदीतून होडीने जाणंही आहे. महिनोन्‌महिने रानात, आणि मध्ये मध्ये गावांत मुक्काम. तिथे जुने सैनिक जेवू घालतात, ऐकून घेतात. 2020 च्या अखेरीस अमेरिकी संसदेने माजी सैनिकांसाठी निसर्गातल्या उपक्रमांचा विचार करायला कृती गट नेमण्याची तरतूद कायद्यातच केली.

दोन्हीकडे औषध रानाचंच, पण घ्यायची तऱ्हा निराळी. अमेरिकन सैनिक स्वतःसाठी चालतो आणि वाट संपली की घरी येतो. आपल्या इको बटालियनमध्ये मनाचा विषय कागदावर कुठेच नाही. ती उपचार करायला काढलेलीच नाही. तिथे समुपदेशक नाही, गोल करून बसणं नाही. जो काही गुण येतो तो कामाच्या ओघात येतो, आणि आला तरी त्याची मोजदाद होत नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव पलटण येण्याच्या आधीपासून आहे. 1965 च्या युद्धात खेमकरण आघाडीवर लष्कराच्या एका ट्रकवर हल्ला झाला. सोबतचे जवान गेले, चालक वाचला. आपणच का वाचलो, या प्रश्नाने त्याचा पिच्छा सोडला नाही. पुढे 1975 मध्ये सेवानिवृत्ती घेऊन तो पारनेर तालुक्यातल्या आपल्या गावी आला. तो चालक म्हणजे अण्णा हजारे, आणि गाव राळेगणसिद्धी. पाऊस बेताचा, हातभट्ट्या जोरात. हजाऱ्यांनी आधी आपल्या पैशातून यादवबाबांचं देऊळ दुरुस्त केलं, मग लोकांना घेऊन बांध, चर, नाले यांच्या कामाला लागले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री तिथून राज्यभर गेली. दारूबंदीसाठी त्यांनी वापरलेला लष्करी बडगा वादाचा विषय ठरला, आणि तो ठरायलाच हवा होता. पण उजाड गावात परतलेल्या सैनिकाला पाणलोटाच्या कामाने काय दिलं याचं एवढं ठळक उदाहरण दुसरं सापडणार नाही.

अधिकृत इको बटालियन महाराष्ट्रात आली ती 2017 मध्ये. 136 वी, महार रेजिमेंटशी संलग्न, ठाणं औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर. मराठवाडाच का, हे विचारायची गरज नव्हती. आदल्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आणि त्या लातूर जिल्ह्यात जंगल क्षेत्रफळाच्या एक टक्क्याच्याही आत आहे. त्या काळात राज्य सरकारने काही वर्षांत पन्नास कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला होता. पुढे त्यांतली जगली किती, यावर विधिमंडळात प्रश्न विचारले गेले. अशा मोहिमेत पलटणीचा वाटा छोटा. तिचा भर मात्र नेमका त्या प्रश्नावर. मुरमाड माळरान, बेभरवशाचा पाऊस, मोकाट जनावरं. इथे सलग समतल चर काढायचे आणि कडुलिंब, करंज, वड, पिंपळ अशी तग धरणारी झाडं निवडायची. जवान मराठवाड्याच्या शेतकऱ्यांचीच पोरं, त्यामुळे मातीशी ओळख करून द्यावी लागत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. देशभरातल्या इको बटालियन बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांतल्या जागा परतणाऱ्या सैनिकांच्या मानाने अगदीच थोड्या. पैसा राज्यांचा, म्हणजे मुदतवाढ सरकारच्या मर्जीवर. शिवाय अंगाने धडधाकट असेल त्यालाच प्रवेश. ज्याचा कणा गोळीने मोडला त्याला डोंगर चढता येत नाही. त्याच्यासाठी पुण्याजवळ खडकीला 1974 पासून पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे, जिथे चाकाच्या खुर्चीवर बास्केटबॉल खेळला जातो आणि हात न चालणारे जवान तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. 1965 च्या युद्धात कण्याला गोळी लागलेल्या सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 मध्ये हायडलबर्गला जलतरणात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं. त्यांना लढायला पाणी सापडलं. सगळ्यांना सापडतंच असं नाही.

इको बटालियनने जगवलेलं रान तिच्या मालकीचं होत नाही. काही वर्षं सांभाळलं, झाडं आपल्या बळावर उभी राहिली की ते क्षेत्र वनखात्याच्या हवाली करायचं आणि पुढच्या टेकडीवर मुक्काम हलवायचा. तिथे पुन्हा दगड, मुरूम, शेळ्या आणि पहाटेची हजेरी. जुलैत पहिली रिपरिप झाली की एकेक खड्ड्यापाशी वाकून पाहत ओळीने चालायचं. हे जगलं, हे जगलं, हे गेलं. गेलेल्याच्या जागी एक खूण करायची, आणि रोपांची गाडी मागून येतेय का, ते वळून पाहायचं.