कादंबरीबीज
कादंबरीबीज : कादंबरीच्या निर्मितीस प्रथम चालना देणारा अनुभव, प्रसंग, व्यक्ती वा स्थळ. बीज म्हणजे कथानक नव्हे. पुष्कळदा ती केवळ एक अस्वस्थता असते. रघुनाथ वामन दिघे (१८९६–१९८०) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पेशाने वकील असलेले दिघे खोपोली–शिळफाटा परिसरात येऊन शेती करू लागले. घाटपायथ्याचा मुसळधार पाऊस, भातशेती आणि पावसावर अवलंबलेले कुणब्यांचे व आदिवासींचे जीवन त्यांना तेथे जवळून दिसले. पाणकळा (म्हणजे पावसाळा), आई आहे शेतात (१९५६), पड रे पाण्या (१९५८) या कादंबऱ्यांची शीर्षकेच त्यांच्या बीजाची साक्ष देतात. मात्र त्यांच्या कथानकांतील साहस व अद्‌भुतरम्यता शेतातून आलेली नाही. ती रंजनप्रधान कादंबरीच्या रूढ परंपरेतून आली असावी.