तारोंवाली कोठी आणि न जुळणारा हिशेब

लखनौच्या कैसरबागेजवळ ‘तारोंवाली कोठी’ आहे. नवाब नसीरुद्दीन हैदरनं काढलेली वेधशाळा. दुर्बिणी विलायतेच्या, वेध घ्यायला कर्नल रिचर्ड विलकॉक्स. 1848मध्ये विलकॉक्स वारले आणि पुढच्याच वर्षी वाजिद अली शाहनं वेधशाळेला टाळं ठोकलं. आता तिथं स्टेट बँक आहे. तारे मोजायच्या जागी नोटा!

टाळं जरा लवकरच लागलं. 29 ऑगस्ट 1864च्या रात्री लंडनच्या विल्यम हगिन्सनं कालेय तारकासमूहातला एक ग्रहीय तेजोमेघ वर्णपटदर्शकातून पाहिला, तर सप्तरंगी पट्ट्याऐवजी नुसती हिरवट रेघ! कोणत्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्यच कल्पून झालं. 1927मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेननं चोर पकडला. तो निघाला आपला रोजचा ऑक्सिजन, दोन इलेक्ट्रॉन गमावून बसलेला.

‘ग्रहीय’ म्हणजे नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. ग्रहाशी संबंध शून्य. म्हाताऱ्या ताऱ्यानं अंगावेगळा केलेला हा वायू. खगोलशास्त्रज्ञ हर्शेलला तो दुर्बिणीतून ग्रहाच्या बिंबासारखा दिसला, एवढंच.

मेघाच्या मधोमध ताऱ्यांची जोडी असेल तर खरी धमाल. इथं लखनवी ‘पहले आप’ नाही. मोठा तारा फुगतो, जोडीदाराला पोटात घेतो आणि त्या घुसळणीत वरचा वायू भिरकावला जातो. शर तारकासमूहातल्या एबेल 63 या ग्रहीय तेजोमेघाच्या पोटातली जोडी आता साधारण 11 तासांत एक फेरी मारते. फेरीगणिक एकमेकांना ग्रहणही लावते.

अशा मेघात ऑक्सिजन किती? वर्णपटातल्या ठळक रेषांवरून एक आकडा येतो. आयनाला, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूला, इलेक्ट्रॉन परत मिळताना उमटणाऱ्या अतिफिक्या रेषांवरून भलताच मोठा. साध्या मेघात फरक दोन-तीन पट, एबेल 63मध्ये सुमारे 8 पट आणि स्वरमंडळातल्या एबेल 46मध्ये तब्बल 120 पट! बिर्याणीच्या हंडीत मीठ नीट मिसळलं नाही की एक घास अळणी, दुसरा खारट, तसंच काहीसं. ठळक रेषा गरम, साध्या वायूची चव सांगतात. फिक्या रेषा त्यातच दडलेल्या थंड, ऑक्सिजननं ठासून भरलेल्या वायूची. हे मिठाचे खडे घट्ट जोड्यांच्याच हंडीत जास्त का सापडतात, यावर खगोलशास्त्रज्ञांची जुंपलेली आहे.

कोठीतल्या कॅशियरचा हिशेब 120 पट चुकला असता, तर मात्र थेट पोलीस आले असते.