उतारावरची क्वाड बाईक आणि मागचा दांडा

न्यूझीलंड किंवा ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळ शेतकऱ्यांच्या तोंडून क्वाड बाईकबद्दल बहुधा कौतुकच ऐकू येते, आणि ते रास्त आहे. शेकडो हेक्टरांचे डोंगराळ कुरण पायी फिरायचे तर दिवस पुरत नाही, घोडा पाळायचा तर त्याचे खाणे आणि नाल आले, आणि पिकअप गाडी ओल्या चढावर रुतते. क्वाड बाईक मात्र रुंद, मऊ टायरांवर चिखलातून आरामात निघते. मागच्या कॅरिअरवर कुत्रा बसतो, पुढच्यावर कुंपणाची तार आणि हातोडा राहतो, गरज पडली तर अडलेली मेंढीही आणता येते. होंडाने 1970 मध्ये मौजेसाठी तीनचाकी गाडी आणली, सुझुकीने 1982 च्या सुमारास चारचाकी आणली, आणि पुढच्या काही वर्षांत ही मौजेची वस्तू शेतावरच्या कष्टांची सोबतीण झाली. इतक्या मालकांचा इतक्या वर्षांचा अनुभव चांगला असेल, तर सरकारने त्यात लुडबुड का करावी, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात मोठ्या आवाजात विचारला गेला. माझे म्हणणे असे की या एका बाबतीत मालकाचा अनुभव हा पुरेसा पुरावा नाही, आणि ऑस्ट्रेलियाने माणसाला बदलण्याऐवजी गाडी बदलली हे योग्यच केले.

त्यासाठी गाडी नीट पाहायला हवी. क्वाड बाईकवर चालक मोटारसायकलसारखा दोन्ही बाजूंना पाय टाकून बसतो आणि समोर हँडल असते. वजन मात्र साधारण 300 किलो. मोटारसायकल वळताना आपोआप कलते, ही कलत नाही. कलायचे ते चालकाने. वळणावर शरीर आत झुकवायचे, चढावर पुढे सरकायचे, उतारावर मागे. टायरमध्ये हवा चार-पाच पौंडांच्या आसपासच, त्यामुळे दगड-ढेकूळ पचतात, पण दोन टायरांत एक-दोन पौंडांचा फरक पडला तरी गाडी एका बाजूला ओढते. वेग वाढवायची कळ उजव्या अंगठ्याखाली. आता तणनाशकाची 80 लिटरची टाकी मागे बांधा. म्हणजे 80 किलो वजन, तेही उंचावर, आणि टाकी अर्धी रिकामी झाली की आत डुचमळणारे. आडव्या उतारावरून जाताना वरच्या बाजूचे चाक गवताच्या गड्ड्यावर चढते, पाणी खालच्या बाजूला धावते, चालक घाबरून हँडल घट्ट पकडतो आणि त्याच पकडीत अंगठा कळ दाबतो. पुढे जे होते त्याला वेळ लागत नाही. चालक खाली पडतो आणि गाडी त्याच्यावर येते. या अपघातांच्या चौकशांत वारंवार दिसलेली गोष्ट मन सुन्न करणारी आहे. बरीच माणसे मोठ्या जखमेने गेलेली नसतात. गाडीचा भार छातीवर राहतो, श्वास आत घेता येत नाही, आणि मदत कित्येक किलोमीटर लांब असते.

म्हणूनच अनुभवाचा दाखला इथे कमी पडतो. तीस वर्षे चालवली आणि काही झाले नाही, असे सांगणारा माणूस खरेच बोलतो; पण ज्याच्या छातीवर गाडी आली, तो आपला अनुभव सांगायला राहिलेला नसतो. बाजारात आणि शेजाऱ्यांच्या गप्पांत फिरतात ते सुखरूप घरी आलेल्यांचे अनुभव. दुसरी बाजू ऐकायची तर मृत्यूंच्या नोंदी वाचाव्या लागतात. 2015 मध्ये क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांच्या कोरोनरांनी, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची कारणे तपासणाऱ्या अधिकाऱ्यांनी, अशा अनेक मृत्यूंची चौकशी केली. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाच्या हिशेबाप्रमाणे 2011 पासूनच्या वर्षांत तिथे दरवर्षी सरासरी 16 च्या आसपास माणसे क्वाड बाईकच्या अपघातांत गेली. आकडा लहान वाटेल, पण त्या देशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी आहे. या मृतांत लहान मुलेही आहेत. मोठ्यांच्या क्वाड बाईकवर 16 वर्षांखालच्या मुलाला बसवू नये, अशी सूचना गाडीवरच चिकटवलेली असते. शेतघरात ती वाचतो कोण?

2019 मध्ये ऑस्ट्रेलियाने सुरक्षा मानक जाहीर केले. 11 ऑक्टोबर 2020 पासून प्रत्येक नव्या गाडीवर, ती किती अंशांना उलटू लागते हे सांगणारी चिठ्ठी लटकवणे बंधनकारक झाले. वर्षभराने, 11 ऑक्टोबर 2021 पासून, शेतकामाच्या प्रत्येक नव्या क्वाड बाईकला चालकाच्या मागे संरक्षक दांडा हवा आणि आडव्या कलात सुमारे 29 अंशांपर्यंत ती स्थिर राहायला हवी, असा नियम लागू झाला. दांडा म्हणजे मागे उभी केलेली लोखंडाची कमान किंवा तसाच लवचीक पट्टा. गाडी उलटली की तो जमिनीला टेकतो आणि गाडी व जमीन यांच्यात पोकळी ठेवतो. श्वास घेता येईल एवढी जागा.

होंडा आणि यामाहा यांनी हा नियम मान्य केला नाही आणि त्या बाजारातून आपल्या क्वाड बाईक काढून घेतल्या. त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. हेल्मेट आणि प्रशिक्षण हाच खरा उपाय, दांडा उलट चालकालाच लागू शकतो, असे ते म्हणत. दांडा कधीतरी लागेलही. पण तोलायचे आहे ते दांड्याचा मार आणि 300 किलोंचा भार यांच्यात. प्रशिक्षण हवेच, त्याबद्दल वाद नाही. मात्र ज्या क्षणी मेंढी उलट्या दिशेने पळते आणि माणूस मान वळवून तिच्याकडे पाहतो, त्या क्षणी प्रशिक्षण कामाला येईलच असे नाही. शेतकऱ्यांचा आक्षेप वेगळा होता: दांडा फांद्यांत अडकतो, आणि वजन वर गेल्याने गाडी आणखी डगमगते. फांद्यांचा त्रास खरा आहे. वजनाचा आक्षेप मात्र टिकत नाही. असा दांडा दहा किलोंच्या आतबाहेर असतो. मागे 80 किलोंची डुचमळती टाकी बिनधास्त बांधणाऱ्याने या दहा किलोंची चिंता करावी, हे हिशेबात बसत नाही. आणि मोठ्या कंपन्या गेल्या म्हणून शेतकरी उघड्यावर पडला असेही झाले नाही. सीएफमोटो, कॅन-ॲम यांच्या दांडा बसवलेल्या गाड्या विकल्या जात राहिल्या.

दुसरा रस्ता साइड-बाय-साइड गाडीचा. शेजारी-शेजारी दोन आसने, गोल स्टिअरिंग, डोक्यावर लोखंडी पिंजरा, आसनाला बांधायचा पट्टा आणि मागे सामानाचा हौदा. किंमत जास्त, रुंदी जास्त, आणि अरुंद पायवाटेवर ती जात नाही, ही मालकांची तक्रार मान्य करायलाच हवी. पण सपाट माळावर फवारणी आणि ओझे वाहणे हेच मुख्य काम असेल तर तीच बरी. अट एकच, पट्टा लावायचा. दर फाटकाशी उतरावे लागते म्हणून पट्टा सोडून बसणारा माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच पिंजऱ्याखाली सापडतो.

दांड्याने खरेच फरक पडतो का, याचे उत्तर ट्रॅक्टरने आधीच दिले आहे. स्वीडनने 1959 पासून नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक चौकट सक्तीची केली. 1957 मध्ये तिथे दर लाख ट्रॅक्टरांमागे उलटण्याने 17 मृत्यू होत; 1990 पर्यंत तो आकडा 0.3 वर आला. त्या काळातही चौकट झाडीत अडते, अनुभवी चालकाला तिची गरज काय, असे म्हणणारे कमी नसणार.

महाराष्ट्रात क्वाड बाईक, म्हणजेच एटीव्ही, आपण पाहतो ती बहुतेक नागावसारख्या समुद्रकिनाऱ्यावर, पर्यटकांना फिरवताना. शेतात तिचे काम छोटा ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरच करतात. उतार, बांध, विहिरीचा काठ आणि उसाची भरलेली ट्रॉली मात्र आपल्याकडेही आहेत, आणि द्राक्षाच्या मांडवाखाली ट्रॅक्टरची चौकट अडते हा आक्षेप ऑस्ट्रेलियातल्या फांद्यांइतकाच खरा आहे. त्यावर दुमडणारी चौकट मिळते: बागेत शिरताना खाली, बाहेर पडल्यावर पुन्हा उभी आणि पट्टा लावलेला. ज्यांच्या ट्रॅक्टरची चौकट काढून गोठ्यामागे टेकवून ठेवली आहे, त्यांनी ती या हंगामाआधी परत बसवून घ्यावी.