गाडींतील अबोला

गेल्या पावसाळ्यांत नगरहून पाथर्डीस येत असतां आमच्या एका स्नेह्यांची संकरित गाडी करंजी घाटांत मंदावली व अखेर उभीच राहिली. समोरच्या फळीवर इंजिन, ब्रेक, स्टीअरिंग, बॅटरी असे सारे दिवे एकदम पेटले. पहिल्या कारागिरानें ‘मोठी बॅटरी गेली’ असें सांगितलें. तिची किंमत ऐकून आमचे स्नेही मटकन् खालीं बसले. कारण घरांत शिल्लक होती ती मुलीच्या कॉलेजच्या फीसाठीं ठेविलेली. दोन दिवसांनीं दुसऱ्या जाणत्या कारागिरानें दोष शोधून काढिला. बॅटरी निर्दोष होती. तिच्या नियंत्रकाकडे जाणाऱ्या तारांच्या एका जोडणींत पाणी शिरून हिरवा गंज चढला होता, इतकेंच! अशी चूक कां होते व ती कशी टळते, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें असें मनांत आलें.

संकरित, म्हणजे बाजारच्या भाषेंत हायब्रिड, गाडीस पेट्रोलचें इंजिन व विजेची मोटर अशीं दोन बळें असतात. टोयोटा कंपनीनें १९९७ सालीं जपानांत प्रियस नांवाची अशी गाडी विक्रीस काढिली, तेव्हांपासून हा प्रकार जगभर पसरला. या गाडीची बुद्धि एके ठिकाणीं नसते. इंजिन, मोटर, मोठी बॅटरी, ब्रेक या प्रत्येकास आपापला नियंत्रक, म्हणजे लहानसा संगणक, असतो. आपण ब्रेक दाबला कीं गाडीचा किती वेग चकत्यांनीं घासून मारावयाचा व किती वेगाची मोटरीनें वीज करून बॅटरींत भरावयाची, हें ठरविण्यास या मंडळीस क्षणार्धांत एकमेकांशीं बोलावें लागतें. बॅटरीचा नियंत्रक अबोल झाला तर तिची खरी स्थिति कोणासच कळत नाहीं. अशा वेळीं तिच्यांतून वीज ओढणें धोक्याचें, म्हणून गाडी मोठ्या विजेचा मार्गच तोडून टाकते. घाटांत गाडी उभी राहिली ती या शहाणपणामुळें.

हें बोलणें ज्या पद्धतीनें चालतें तिला ‘कॅन’ म्हणतात. जर्मनींतील बॉश कंपनीनें १९८३ सालीं तिचें काम हातीं घेतलें व १९८६ सालीं ती जगापुढें मांडिली. एकमेकींस पीळ घातलेल्या दोन तारा व त्यांवर जोडलेले सर्व नियंत्रक, एवढाच तिचा थाट. कोणी बोलत नसतां दोन्ही तारांवर सुमारें अडीच व्होल्ट असतात. बोलतांना एक साडेतीनपर्यंत चढते व दुसरी दीडपर्यंत उतरते. ऐकणारा पाहतो तें दोहोंमधील अंतर. मोटरीच्या विजेचा गोंगाट पिळामुळें दोन्ही तारांवर सारखाच आदळतो, म्हणून अंतर बिघडत नाहीं. दोघे एकदम बोलूं लागले तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान तो पुढें जातो, दुसरा गप्प राहून मागाहून बोलतो. (आमच्या गांवसभांस हा नियम लागू झाला तर काय बहार होईल!)

आतां निदानाकडे वळूं. स्टीअरिंगखालीं तपासणीचें सोळा टोंकांचें सॉकेट असतें. त्यास स्कॅनर लाविला कीं दोषांचे संकेतांक उमटतात. ते पुसण्यापूर्वीं सर्व लिहून घ्यावे. ‘यू’ अक्षराचे संकेतांक संवाद तुटल्याचे. यू०१०० म्हणजे इंजिनच्या नियंत्रकाशीं संपर्क नाहीं, यू०१११ म्हणजे बॅटरीच्या नियंत्रकाशीं नाहीं. फसगत होते ती येथेंच. संकेतांक देणारा हा तक्रारदार, व ज्याचें नांव त्यांत येतें तो अबोल. परंतु अबोल तो मेलाच असें नव्हे. हजेरीच्या वेळीं एखाद्या मुलानें ‘ओ’ दिली नाहीं तर तो आजारी असेल, वाटेंत अडकला असेल, किंवा वर्गांतच असून त्याला नांव ऐकूं आलें नसेल. सर्वांची तक्रार एकाविषयींच असेल तर त्याला वीज पोंचते काय, त्याची अर्थिंग धड आहे काय, त्याच्याकडे जाणारी तारांची फांदी शाबूत आहे काय, हें पाहावें. कोणीच बोलत नसेल तर मुख्य तारांवर संशय घ्यावा. मात्र या सर्वांआधीं बारा व्होल्टची लहान बॅटरी मोजावी. ती अशक्त झाली कीं नियंत्रक अर्धवट जागे होतात व संकेतांकांचा नुसता पाऊस पडतो.

यापुढें ओहमचा नियम कामास येतो. मुख्य तारांच्या दोन्ही टोंकांस १२० ओहमचा एकेक रोध असतो. दोन सारखे रोध समांतर जोडले कीं एकूण रोध निम्मा, म्हणजे ६० ओहम. दहावीच्या मुलांनीं हें गणित करून पाहावें. लहान बॅटरी सोडवून, थोडें थांबून, सॉकेटच्या ६ व १४ क्रमांकांच्या टोंकांत मीटर लावावा. ६० च्या आसपास आंकडा आला तर मुख्य तारा धड. १२० आला तर एका टोंकाचा रोध किंवा तार तुटलेली. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींस टेंकलेल्या. हा आंकडा फांदीविषयीं मात्र कांहीं सांगत नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या गाडीचा ६० च आला होता, व दोष फांदींत होता. शिवाय कांहीं गाड्यांत सॉकेटमागें एक मध्यस्थ नियंत्रक असतो. तेथें आंतल्या तारा निराळ्या मोजाव्या लागतात. आमच्या भागांत कडब्याच्या गंजीशेजारीं महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या तारा उंदीर कुरतडतात, हेंही ध्यानांत असावें.

मुलांनो, नारिंगी वेष्टनाच्या तारांस मात्र हात लावूं नका. दुसऱ्या पिढीच्या प्रियसच्या मोठ्या बॅटरींत २०१.६ व्होल्ट असत. माणूस मरण्यास तेवढे पुरे. गाडी बंद केल्यावरही कांहीं मिनिटें आंत वीज साठलेली असते. तेथील काम शिक्षण घेतलेल्या कारागिराचें, व तेंही रबरी हातमोजे घालूनच करावयाचें.

घाटांत थांबलेल्या त्या गाडीची गंजलेली जोडणी बदलण्यास अर्धा दिवस लागला. तो संकेतांक पुन्हां उमटला नाहीं. गाडी त्याच बॅटरीवर आठवड्यांतून दोनदां नगरास जाते, व मुलीची फी वेळेवर भरली गेली.