तान पुसट का होते?

“बाई, आता या वयात बोटं कुठली वळतायत!” माझ्याकडे पेटी शिकायला येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या निम्म्या तरी बायका कधी ना कधी हे म्हणतात आणि क्लास सोडायच्या बेतात येतात. अलंकार येतात, भजनाची चालही बसते. पण लय वाढली, मध्ये छोटीशी तान आली, की सगळे सूर एकमेकांत कालवल्यासारखे होतात. मग दोष वयाला.

मला हे पटत नाही. त्याचं कारण आपल्या सोलापुरातलंच आहे. पूर्व भागातून एक विद्यार्थिनी येते, वय सत्तेचाळीस. लहानपणापासून विड्या वळलेल्या. पान, तंबाखू, दोरा. बोटांचा वेग बघत राहावा असा! तिच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना वयोमानाने येणं जमेना, आणि पेटीशिवाय मंडळ मोडायच्या बेतात. म्हणून ही शिकायला लागली. आणि तिचीही तान पुसटच. आता हिची बोटं संथ आहेत असं कोण म्हणेल?

मैत्रिणींनो, गोम पेटीच्या रचनेत आहे. पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आपटते आणि सूर हळूहळू आपोआप विरतो. पेटीत तसं नाही. पट्टी दाबलेली आहे आणि भात्यात हवा आहे तोवर आतली पितळी रीड वाजतच राहते. ‘रे’ दाबल्यावर ‘सा’वरचं बोट क्षणभर रेंगाळलं, तरी दोन्ही सूर एकदम ऐकू येतात. म्हणजे उशीर दाबायला होत नाही, उचलायला होतो. विडी वळताना सगळी बोटं मिळून काम करतात, इथे एकेकाने सुटं व्हायचं असतं.

तिला मी आठवडाभर फक्त दोन सूर दिले. सा-रे, रे-ग, ग-म. पुढचा वाजायच्या आत मागचा सुटलाच पाहिजे, मध्ये केसाएवढी फट राहिली तरी चालेल. मग चार सूर झटकन आणि पाचव्यावर मुक्काम. तिथे थांबून पुढचं बोट कुठे जाणार ते बघायचं. अख्खी तान सुरुवातीपासून पन्नास वेळा घोकण्यात अर्थ नसतो. अडतं बहुधा अंगठा खालून वळवताना, तेवढेच तीन सूर घोटा.

डाव्या हाताकडे कुणी बघतच नाही! उजवा पळायला लागला की भाताही धापा टाकायला लागतो आणि सुरांना धक्के बसतात. भाता संथच हवा. पेटीला कपलर असेल तर रियाझात बंद ठेवा, त्याने पट्ट्या जड होतात.

आणखी एक. शिकताना बोटं पांढरी एकमध्ये बसलेली असतात, पण मंडळातल्या बायकांचे गळे बहुधा काळी चार-पाचच्या आसपास. तिथे बोटं नव्यानेच बसवावी लागतात. काळी चारमध्ये यमन असेल तर सा तर्जनीने, रे मधल्या बोटाने आणि अंगठा खालून गंधारावर. दुसऱ्यांदा अंगठा धैवतावर. दोन्ही पांढऱ्या पट्ट्या, त्यामुळे वळण सोपं जातं.

पेटीवर मींड निघत नाही हा जुना आक्षेप. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीच घातली, ती १९७१ मध्ये सैल झाली. गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर यांची रेकॉर्डिंग मिळाली तर ऐका. सुरांच्या सुटेपणाकडे कान द्या.

आमची विद्यार्थिनी आता एकादशीला मंडळात साथ करते. लय फारच चढली की तानेतले दोन सूर खुशाल गाळते आणि समेवर बरोबर येते. हे काही मी शिकवलेलं नाही.